सख्यासागर

मध्य प्रदेशातील शिवपुरीजवळचा मानवनिर्मित तलाव व पाणथळ क्षेत्र. चांदपाठा या नावानेही परिचित. ग्वाल्हेरपासून नैऋत्येस सुमारे 120 किमी. मणियर नदीवर बांध घालून ग्वाल्हेरचे महाराज माधवराव शिंदे यांच्या कारकिर्दीत 1918 मध्ये तो तयार झाला. शिवपुरी तेव्हा ग्वाल्हेर संस्थानची उन्हाळी राजधानी होती. माधवरावांच्या मातोश्री सख्याराजे यांचे नाव तलावाला दिले आहे. मायलेकांच्या समोरासमोर उभ्या संगमरवरी छत्र्या शिवपुरीतच आहेत, आणि तलावाबरोबर त्याही पाहिल्याच पाहिजेत.

तलाव माधव राष्ट्रीय उद्यानात येतो. हिवाळ्यात सकाळची उन्हे चढली की मगरी काठावर येऊन जबडा वासून निश्चल पडतात. पलीकडे पट्टकादंब हंस, बदके यांचे थवे उतरलेले असतात. काठावर जुना नौकाविहार मंडप, तर उंचवट्यावर जॉर्ज कॅसल आहे. 2022 मध्ये तलावाला रामसर स्थळाचा दर्जा मिळाला, 2023 मध्ये उद्यानात वाघ आणून सोडले आणि 2025 मध्ये ते व्याघ्र प्रकल्प झाले. शहराचे सांडपाणी आणि त्यावर पोसलेली जलपर्णी हे मात्र तलावाचे खरे दुखणे असून पाण्याचा श्वास त्यानेच कोंडतो.