उजव्या खुर्चीचा इतिहास

आमच्या सोसायटीतल्या एका मुलाने गेल्या दिवाळीत मला विचारले, "काका, कमर्शियल हेलिकॉप्टर पायलट व्हायला काय करावे लागते?" मी नेहमीचे उत्तर दिले. बारावीला फिजिक्स आणि गणित हवे, वय अठरा पूर्ण हवे, डॉक्टरी तपासणी कडक असते, लेखी परीक्षा असतात आणि दीडशे तासांचे उड्डाण लागते. विमानाच्या लायसन्सला दोनशे तास लागतात, हे ऐकून तो खूश झाला. तो गेल्यावर वाटले, खरी गोष्ट सांगायची राहूनच गेली. ती सांगायची तर थोडे मागे जावे लागेल.

विमानात मुख्य वैमानिक डावीकडे बसतो, हेलिकॉप्टरमध्ये बहुधा उजवीकडे. असे का? रशियातून अमेरिकेत गेलेले इगोर सिकोर्स्की यांनी १४ सप्टेंबर १९३९ रोजी आपले हेलिकॉप्टर जमिनीला दोरखंडांनी बांधून थोडेसे वर उचलले. त्यातूनच पुढे आर-४ हे मोठ्या संख्येने बनलेले त्यांचे यंत्र आले. त्यात खुर्च्या दोन होत्या, पण वर-खाली नेणारा दांडा एकच, दोघांच्या मधोमध. शिकाऊ वैमानिक उजवीकडे बसून डाव्या हाताने तो दांडा धरायला शिकला. पुढे तोच शिक्षक झाला, तरी हातांची सवय काही सुटली नाही. आमचे जुने प्रशिक्षक असे सांगत. म्हणजे आमची बसायची जागासुद्धा लष्कराने ठरवून दिलेली.

याच आर-४चा आपल्या भूमीशी संबंध आला. एप्रिल १९४४ मध्ये ब्रह्मदेशाच्या जंगलात एक लहान विमान पडले. त्यात एक अमेरिकन वैमानिक आणि तीन जखमी ब्रिटिश सैनिक होते. आसाममधल्या लालाघाटच्या तळावरून लेफ्टनंट कार्टर हार्मन आर-४ घेऊन गेले. उन्हाळ्याच्या पातळ हवेत ते यंत्र एका वेळी एकच माणूस उचलू शके. हार्मन यांनी चार फेऱ्या मारल्या, चौघांनाही आणले. हेलिकॉप्टरने युद्धभूमीवर केलेली ही पहिली सुटका. तेव्हापासून "जा आणि घेऊन ये" हा या धंद्याचा पहिला संस्कार ठरला.

युद्ध संपले आणि ८ मार्च १९४६ रोजी अमेरिकेत बेल-४७ या हेलिकॉप्टरला नागरी वापराचे प्रमाणपत्र मिळाले. आता पैसे घेऊन हेलिकॉप्टर चालवता येणार होते. पण चालवणार कोण? लष्करात शिकलेलीच माणसे. १९४९ मध्ये लुइझियानाच्या दलदलीत तेल शोधणाऱ्यांची ने-आण करण्यासाठी तीन बेल-४७ घेऊन एक कंपनी सुरू झाली. तेल आणि हेलिकॉप्टर यांची जी गाठ तिथे बसली, ती आजतागायत सुटलेली नाही. पुढे व्हिएतनामच्या युद्धात हजारो तरुण हेलिकॉप्टर शिकले आणि परतल्यावर तेलाच्या फलाटांवर, जंगलतोडीच्या कामावर, इस्पितळांच्या आणि टीव्ही कंपन्यांच्या नोकऱ्यांत शिरले.

टीव्हीवरून एक नाव आठवते. १९६० मध्ये रशियाने पाडलेल्या यू-२ या हेरविमानाचा वैमानिक फ्रान्सिस गॅरी पॉवर्स. दोन देशांना युद्धाच्या उंबरठ्यावर नेणाऱ्या त्या प्रसंगातून हा माणूस जिवंत परतला. १ ऑगस्ट १९७७ रोजी लॉस एंजलिसला एका टीव्ही वाहिनीचे हेलिकॉप्टर चालवताना इंधन संपून तो गेला. आगीच्या बातमीचे चित्रीकरण करून परतत होता. शत्रूच्या देशातून वाचलेला माणूस रोजच्या नोकरीत गेला, हे मला फार दिवस खटकत राहिले.

आपल्याकडे हवाई दलात पहिले हेलिकॉप्टर, सिकोर्स्की एस-५५, १९५४ मध्ये आले. मी सत्तरच्या दशकात चेतक शिकलो. सुरुवातीला गुरुजी एका वेळी एकच काम देत. आज फक्त पायाची पेडल्स, उद्या फक्त डावा दांडा. मग तिन्ही एकदम हातात आले की यंत्र पिसाळलेल्या बैलासारखे मैदानभर फिरे. एक हात हलला की दुसऱ्या हाताला आणि दोन्ही पायांना त्याची खबर लागली पाहिजे. एका जागी स्थिर तरंगणे जमायला मला नऊ-दहा तास लागले. मग इंजिन बंद पडले असे समजून, खालून येणाऱ्या वाऱ्यावर पंखा फिरता ठेवत उतरायचे. हे सगळे शिकवले, फक्त "आज जाणार नाही" म्हणायला कोणी शिकवले नाही. गणवेशात त्याची गरजही क्वचित पडे. हवा वाईट असेल तर वरिष्ठच थांबवत.

इकडे १९७४ मध्ये मुंबईच्या पश्चिमेला सुमारे १६० किलोमीटरवर समुद्रात तेल सापडले, १९७६ मध्ये ते काढायला सुरुवात झाली. तिथे माणसे पोचवायला हेलिकॉप्टरे हवी होती. १९८५ मध्ये सरकारने हेलिकॉप्टर महामंडळ काढले, तेच पुढे ‘पवनहंस’ या नावाने ओळखले जाऊ लागले. जे. आर. डी. टाटा १९३२ मध्ये कराचीहून टपाल घेऊन ज्या जुहूच्या धावपट्टीवर उतरले, तीच आता हेलिकॉप्टरांची झाली. सैन्यातून बाहेर पडलेल्या आमच्यासारख्यांना नोकऱ्या मिळू लागल्या. मी सदतिसाव्या वर्षी जुहूला आलो. मुलगा सहावीत होता. रात्री जेवणाच्या टेबलावर एका बाजूला त्याचा भूगोल, दुसऱ्या बाजूला माझे ‘विमान नियम, १९३७’. त्याला माझ्यापेक्षा जास्त मार्क पडले.

त्या नियमांत एक गोष्ट होती, ती मी पाठ केली पण समजलो नाही. उड्डाणाची अंतिम जबाबदारी मुख्य वैमानिकाची. परीक्षेत हे वाक्य दोन मार्कांचे होते.

१९९९च्या सप्टेंबरात लोकसभा आणि विधानसभा दोन्ही निवडणुका एकदम आल्या. मी तेव्हा एका खासगी कंपनीत होतो. खानदेशातल्या एका शाळेच्या मैदानावर चुन्याने काढलेल्या ‘एच’वर आम्ही उतरलो. साडेतीनची सभा सव्वापाचला संपली. सूर्यास्तानंतर वीस मिनिटे, एवढीच आम्हाला मुभा. हिशेब काठावर बसत होता. साहेबांना रात्री मुंबईत पोचायचेच होते. मी निघालो. कसारा घाटात ढग खाली उतरले होते. मी आग्रा रोडवरच्या ट्रकांचे दिवे धरून ढगाखालून सरकत राहिलो. एकदा उजवीकडे विजेच्या तारांचा मनोरा आमच्यापेक्षा उंच दिसला. मागे साहेब झोपले होते. जुहूला उतरल्यावर त्यांनी पाठीवर थाप मारली, "व्वा, कॅप्टन!" मला खुर्चीतून उठता येईना. ही गोष्ट मी घरी कित्येक वर्षे सांगितली नाही.

११ ऑगस्ट २००३ रोजी तेलक्षेत्राकडे निघालेले एमआय-१७२ हेलिकॉप्टर मुंबईजवळ समुद्रात कोसळले. २७ माणसे गेली. मी त्या दिवशी जुहूला होतो. त्या अपघाताचे कारण सांगण्याचा मला अधिकार नाही. पण फाटकाबाहेर जमलेले नातेवाईक पाहताना मला घाटातला तो मनोरा आठवत होता. माझ्याही मागे झोपलेला एक माणूस होता आणि त्याने आपला जीव मला न विचारता माझ्या हवाली केला होता.

पुढच्या वर्षी पुन्हा विधानसभा. मैदान वेगळे, नेते वेगळे, उशीर तोच. पावणेसहा वाजले होते. मी म्हणालो, "आज नाही, साहेब." आधी विनंती झाली, मग आवाज चढला, मग कंपनीला फोन गेला. शेवटी साहेब गाडीने गेले. मी आणि माझा सहवैमानिक हेलिकॉप्टरला राखण ठेवून शाळेच्या वर्गात झोपलो. हेडमास्तरांनी पिठले-भाकरी पाठवली. कंपनीने त्या पक्षाचे काम गमावले, आणि पुढचे सहा महिने मला फारसे उड्डाण मिळाले नाही. खरे सांगायचे तर, त्या रात्री हवा चांगली होती. कदाचित आम्ही सुखरूप पोचलोही असतो. नकाराची हीच अडचण आहे. तो बरोबर होता, याचा पुरावा कधीच मिळत नाही.

होकार चुकला तर तो मात्र सगळ्या देशाला कळतो. २ सप्टेंबर २००९ रोजी आंध्रचे मुख्यमंत्री राजशेखर रेड्डी यांचे हेलिकॉप्टर वादळी हवेत नल्लमलाच्या जंगलात पडले. केदारनाथच्या यात्रेत ऑक्टोबर २०२२ आणि जून २०२५ मध्ये ढगाळ हवेत दोन हेलिकॉप्टरे पडली. प्रत्येकात सात जण गेले. या वैमानिकांना दोष देण्यासाठी हे सांगत नाही. मीही घाटात त्यांच्याच रांगेत उभा होतो, माझा नंबर लागला नाही एवढेच.

आता सैन्यात न जाता थेट क्लबमध्ये, परदेशात, कर्ज काढून शिकणारी मुले येतात. वीस-बावीस वर्षांची, डोक्यावर हप्ते. त्यांना नकार देणे आमच्यापेक्षा अवघड आहे. मला निदान पेन्शन होती.

त्या मुलाला मी परवा पुन्हा घरी बोलावले. दीडशे तासांचा खर्च, कर्ज, नोकऱ्या किती मिळतात, सगळे मांडून दाखवले. मग शाळेच्या वर्गात झोपलो त्या रात्रीची गोष्ट सांगितली. तो थोडा वेळ गप्प बसला आणि म्हणाला, "काका, त्या सहा महिन्यांत घर कसे चालवलेत?" मला बरे वाटले. पहिल्या दिवशी त्याने तासांचा हिशेब विचारला होता. मी हिला हाक मारली आणि म्हटले, "हे तूच सांग त्याला."

(रेडिओवरील भाषणाचे संपादित रूप)