34 मिलिमीटरचं भोक आणि शेंद्र्याची टर्बो

हेडफोन लावून गाडी चालवत असाल तर आधी ते काढा, एपिसोड घरी जाऊन ऐका. कारण आजचा विषय आहे रॅली, टर्बो आणि नियम.

मागच्या महिन्यात मुकुंदवाडीतला माझा मेकॅनिक म्हणाला, "इंजिनिअरसाहेब, लॅपटॉप लावतो, बूस्ट वाढवतो. 150 ची 190 करून देतो." गाडी म्हणजे माझी सेकंडहँड स्कोडा ऑक्टाव्हिया आरएस. मी त्याच्याकडे एक आठवडा मागून घेतला आणि रोज रात्री रॅलीच्या नियमांचा इतिहास वाचत बसलो. त्यातून हा एपिसोड झाला.

आधी टर्बो म्हणजे काय ते थोडक्यात. सायलेन्सरमधून वाया जाणाऱ्या गॅसवर एक चक्र फिरतं. त्याच दांड्यावरचं दुसरं चक्र इंजिनात जास्त हवा कोंबतं. जास्त हवा, जास्त पेट्रोल, जास्त ताकद. स्विस इंजिनिअर आल्फ्रेड ब्यूखीने या कल्पनेचं पेटंट 1905 मध्ये घेतलं. जागतिक रॅली स्पर्धेत टर्बो गाडी पहिल्यांदा जिंकली ती 1979 च्या स्वीडिश रॅलीत. गाडी साब 99 टर्बो, ड्रायव्हर स्टिग ब्लोमक्विस्त.

आता नियम करणाऱ्यांची पंचाईत बघा. गाड्यांचे गट सीसीवर ठरायचे, आणि टर्बो तर सीसी न वाढवताच ताकद वाढवतो. मग तोडगा काढला: टर्बो असेल तर सीसीला 1.4 ने गुणा. झालं, इंजिनिअर लोक कॅल्क्युलेटर घेऊन बसले! लान्चिया डेल्टा एस4 चं इंजिन होतं 1759 सीसीचं. गुणिले 1.4, म्हणजे 2463. गटाची मर्यादा 2500, आणि त्या गटात गाडी हलकी ठेवायची मुभा. प्यूजो 205 चं इंजिन 1775 सीसी, गुणाकार 2485. हे आकडे योगायोगाने आलेले नाहीत. नियमपुस्तिका उघडी ठेवून ही इंजिनं आखली होती.

हा ग्रुप बी. 1982 ला सुरू झाला. फक्त 200 गाड्या बनवल्या की स्पर्धेला परवानगी, त्यामुळे अंगावर काटा येईल अशी यंत्रं तयार झाली. 1986 मध्ये त्याची किंमत मोजावी लागली. मार्चमध्ये पोर्तुगालला एक गाडी गर्दीत घुसली आणि तीन प्रेक्षक गेले. 2 मे रोजी कॉर्सिका बेटावर हेन्री तोइवोनेन आणि त्याचा सहचालक सर्जिओ क्रेस्तो डेल्टा एस4 मध्येच जळून गेले. 1987 पासून ग्रुप बी बंद.

मग आला ग्रुप ए. नियम असा की 5000 गाड्या बनवा, म्हणजे लोकांना विकता तीच गाडी पळवा. पुढे ही संख्या 2500 झाली. पण टर्बोला लगाम कसा घालायचा? इथे मला आवडणारी कल्पना येते: रिस्ट्रिक्टर. टर्बोच्या तोंडाशी एक अरुंद भोक, इंजिनात जाणारी सगळी हवा त्यातूनच. 1995 मध्ये त्याचा व्यास 34 मिलिमीटर ठरला. या भोकात हवेचा वेग आवाजाच्या वेगाला पोचला की संपलं. पुढे टर्बो कितीही ओढो, जास्त हवा येतच नाही. म्हणजे नियमाची अंमलबजावणी साक्षात भौतिकशास्त्राकडे!

तरी पळवाट काढणारे निघालेच. त्याच वर्षी कॅटलोनिया रॅलीत टोयोटा सेलिकाच्या टर्बोमध्ये स्प्रिंगची एक करामत सापडली. जोडणी घट्ट केली की रिस्ट्रिक्टर सरकायचा आणि बाजूने चोरून हवा आत जायची. तपासायला खोललं की सगळं आपोआप जागेवर. एफआयएच्या अंदाजाने सुमारे 25 टक्के जास्त हवा मिळत होती. टोयोटावर 12 महिन्यांची बंदी आली. प्रोग्रामर म्हणून सांगतो, टेस्ट चालू असताना शहाणा आणि एरवी चोर असा कोड लिहिणारी माणसं प्रत्येक क्षेत्रात असतात.

1997 मध्ये नियम पुन्हा बदलले. आता रस्त्यावर विकायची गाडी साधी असली तरी चालेल; रॅलीच्या गाडीला टर्बो आणि चारही चाकांना ताकद वेगळी लावा. याच दारातून स्कोडा आत आली. ऑक्टाव्हिया डब्ल्यूआरसी 1999 ते 2003 धावली आणि 2001 च्या सफारी रॅलीत, केनियाच्या धुळीत, आर्मिन श्वार्त्झने तिला तिसरं आणलं.

आणि त्याच 2001 मध्ये, मंडळी, आपल्या जालना रोडवर, शेंद्रा एमआयडीसीत ऑक्टाव्हियाची जुळणी सुरू झाली. तेव्हाचं औरंगाबाद, आताचं छत्रपती संभाजीनगर. 2004 मध्ये आरएस आली: 1.8 लिटर टर्बो पेट्रोल, 150 अश्वशक्ती. आरएस म्हणजे रॅली स्पोर्ट. मी तेव्हा सात वर्षांचा, बाबांच्या स्कूटरवर पुढे उभा. ती शेजारून गेली आणि बाबा म्हणाले, "आपल्या गावची गाडी आहे ही." ते वाक्य डोक्यातून गेलंच नाही. मात्र तिची फक्त पुढची चाकं ओढतात. ग्रुप एचा जुना नियम असता, तर रॅलीसाठी चार चाकं ओढणारी टर्बोच हजारोंनी विकावी लागली असती. म्हणजे आपल्या दारात कुठली गाडी येणार हेसुद्धा नियमच ठरवतात.

पटत नाही? मग 2006 चं बजेट बघा. लांबी 4 मीटरच्या आत आणि पेट्रोल इंजिन 1200 सीसीच्या आत असेल, तर अबकारी कर 24 वरून 16 टक्के. कंपन्यांनी काय केलं? पुढे पोलो जीटीमध्ये 1197 सीसीचं टर्बो इंजिन आलं. लान्चियाचाच गुणाकार, फक्त वेगळ्या वहीत.

आता मेकॅनिकचं. कायद्याच्या बाजूने बघितलं तर मोटार वाहन कायद्याचं कलम 52 आहेच, मूळ बनावटीत मनाला येईल तसे बदल करता येत नाहीत. पण मला थांबवलं ते दुसऱ्याच गोष्टीने. रॅलीत रस्ता बंद असतो, रोल केज असतो, शेजारी वळणं वाचून दाखवणारा सहचालक असतो. जालना रोडवर माझ्या शेजारी बाबा बसतात, आणि समोरून कुणीतरी आपल्या पोराला स्कूटरवर पुढे उभं करून येत असतो.

आठवड्याने गेलो. म्हटलं, "भाऊ, बूस्ट राहू दे. होज पाइप बदल, ब्रेक पॅड बदल." तो हसला. "बिल जास्त होईल हां!" झालंही.

गाडी अजून 150 चीच आहे. टर्बोची ती शिट्टी मात्र तशीच येते, आणि मला तेवढी पुरते. तुमच्या घरची पहिली गाडी कुठली होती, व्हॉइस नोट पाठवा. भेटू पुढच्या एपिसोडमध्ये. सांभाळून चालवा!