मुंबईची ट्राम : एका शकरहित पत्राच्या अनुषंगानें

गेल्या वर्षीं आमच्या एका स्नेह्यांच्या घरचें जुनें दप्तर पाहण्याचा योग आला. दप्तर म्हणजे तीन रुमाल. त्यांतील बहुतेक कागद खरेदीखतें, फारखत्या व श्राद्धपक्षाचे हिशेब असे नेहमींचेच. एका मोडी पत्रानें मात्र आमचें लक्ष वेधून घेतलें. मुंबईस चाकरीस असलेल्या एका कारकुनानें तें कोंकणांत आपल्या वडील बंधूंस लिहिलेलें आहे. मिति ज्येष्ठ वद्य ५ एवढीच. शक नाहीं, संवत्सरहि नाहीं. नांवें प्रसिद्ध करण्याचें प्रयोजन नसल्यामुळें तीं येथें गाळलीं आहेत. मजकूर थोडक्यांत असा : पायधुणीहून कोटांत रोज पायीं जावें लागतें, आतां लोखंडी पट्ट्यांवरून घोडे ओढतात अशी मोठी गाडी नवीनच सुरू झाली आहे, तींत एकदां बसून पाहिलें, तीन आणे पडले, पैसे घेणाऱ्यानें चिठी कांहीं दिली नाहीं, परत येतांना पायींच आलों. शेवटीं, पुढें अधिक मास आहे, तो सरल्यावर घरीं येईन, असें लिहून पत्र संपविलें आहे.

ह्या पत्राचा काल कोणता? ज्येष्ठापुढें अधिक मास, म्हणजे तो अधिक आषाढ होय. असा अधिक आषाढ शके १७९६ मध्यें आला होता. एकोणीस वर्षांनीं शके १८१५ मध्यें, व पुन्हा तितक्याच वर्षांनीं शके १८३४ मध्यें तो आला. शके १८३४ पर्यंत मुंबईच्या ट्रामचे घोडे जाऊन वीज आली होती, म्हणून तें साल गळतें. उरलेल्या दोहोंतून निवड करण्यास पंचांग असमर्थ आहे. तो निर्णय ट्रामच्या इतिहासानेंच होतो.

मुंबईंत घोड्यांची ट्राम प्रथम चालली ती ता. ९ मे १८७४ रोजीं. मार्ग दोन होते : एक कुलाब्याहून क्रॉफर्ड मार्केटवरून पायधुणीस, दुसरा बोरीबंदराहून काळबादेवीवरून पायधुणीस. भाडें तीन आणे असून आरंभीं तिकीट देण्याची चाल नव्हती. पुढें भाडें दोन आण्यांवर उतरलें, आणि पैसे न देतां बसणाऱ्यांची संख्या वाढल्यामुळें त्याच सालीं तिकिटें सुरू झालीं. तीन आणे भाडें व चिठीचा अभाव हीं दोन्ही चिन्हें जेथें एकत्र सांपडतात, तो काल अवघ्या कांहीं महिन्यांचा आहे. सबब हें पत्र शके १७९६ चें, म्हणजे इ. स. १८७४ च्या जूनच्या पहिल्या आठवड्यांतलें होय. ट्राम सुरू होऊन तेव्हां महिनाहि लोटला नव्हता.

कालनिर्णय झाला, तरी पत्राचें महत्त्व तेथें संपत नाहीं. शहराच्या रस्त्यांवरील गर्दी कमी करण्याकरितां रूळ घालावे कीं नाहीं, हा वाद आजहि चालू आहे. त्या वादांत मुंबईच्या ट्रामचा दाखला नेहमीं विरुद्ध पक्षाकडून दिला जातो. ट्राम रस्ता अडवीत असे, म्हणून ती काढून टाकावी लागली, असें आमच्या वडील पिढीकडून आम्ही ऐकत आलों आहों. हा निकाल गतानुगतिक न्यायानें चालत आला असून तो मूळ कागदांवर तपासून घ्यावा, असें आम्हांस वाटतें.

प्रथम वस्तुस्थिति पाहूं. रस्त्यांवर रूळ घालण्याची कल्पना मुंबईंत १८६५ सालीं एका अमेरिकन कंपनीनें मांडली व तिला परवानाहि मिळाला. परंतु अमेरिकेंतील यादवी युद्ध त्याच सालीं संपलें, कापसाच्या तेजीवर उभारलेला मुंबईचा पैसा विरून गेला, आणि ती योजना कागदावरच राहिली. १८७३ सालीं बाँबे ट्रामवे कंपनी स्थापन झाली. कंपनी, म्युनिसिपालिटी व स्टर्न्स आणि किट्रेज ही पेढी यांच्यामध्यें करार होऊन १८७४ चा ट्रामवे कायदा झाला. आरंभीं ह्या पेढीच्या पागेंत सुमारें ९०० घोडे होते असें सांगतात.

रुळांचा लाभ तो काय? खडीच्या रस्त्यावर चाक रुततें व अडखळतें. गुळगुळीत लोखंडावर लोखंडी चाकास घर्षण फारच थोडें होतें. त्यामुळें साध्या रस्त्यावर जें ओझें घोड्यांस पेलावयाचें नाहीं, तें रुळांवर त्यांस सहज ओढतां येतें. शिवाय वीस माणसें दहा शिग्रामांतून निघालीं तर तीं जितका रस्ता व्यापतात, त्याच्या अल्प अंशांत तितकींच माणसें एका ट्रामगाडींत मावतात. गर्दीचें माप माणसांनीं होत नसून माणशीं व्यापिलेल्या जागेनें होतें, हें ह्या योजनेचें मर्म होय, व तें आजहि बदललेलें नाहीं.

तथापि हा लाभ कोणास मिळावा, हें भाड्यावर अवलंबून असतें. आमचा पत्रलेखक जातांना गाडींत बसला आणि येतांना पायीं आला. त्याच्या ह्या एका वाक्यांत तीन आण्यांच्या भाड्यावरील टीका सगळी आली. भाडें दोन आण्यांवर कां आलें, ह्याचा उलगडा अशाच उतारूंच्या पायपिटींत शोधला पाहिजे, असा आमचा तर्क आहे.

दुसरा धडा मालकीचा. ट्राम विजेवर चालविण्याची परवानगी कंपनीनें १८९९ सालीं मागितली. भांडवल मोठें लागणार, म्हणून १९०१ सालीं कंपनी विकत घेण्याचा जो हक्क कायद्यानें म्युनिसिपालिटीस होता, तो तिनें सोडावा, असा कंपनीचा आग्रह होता. म्युनिसिपालिटीनें उलट कंपनीच ताब्यांत घेण्याचें ठरविलें आणि प्रकरण कायद्याच्या अडचणींत सांपडलें. अखेर १९०५ सालीं बाँबे इलेक्ट्रिक सप्लाय अँड ट्रामवेज कंपनी निघाली व तिनें जुन्या कंपनीची मालमत्ता रु. ९८,५०,००० ला घेतली. विजेची पहिली ट्राम ता. ७ मे १९०७ रोजीं धांवली. म्हणजे अर्ज आणि गाडी यांमध्यें आठ वर्षें गेलीं, व तीं मुख्यतः रूळ कोणाचे ह्या प्रश्नानें खाल्लीं.

१९२० सालीं दुमजली ट्राम आली, ता. १५ जुलै १९२६ रोजीं अफगाण चर्च ते क्रॉफर्ड मार्केट अशी पहिली मोटारबस सुरू झाली; ता. ७ ऑगस्ट १९४७ रोजीं सर्व कारभार म्युनिसिपालिटीकडे आला. त्यानंतर ट्रामचे मार्ग एकामागून एक बंद होत गेले आणि ता. ३१ मार्च १९६४ च्या रात्रीं बोरीबंदर ते दादर अशी शेवटची फेरी झाली.

आतां आरोप पाहूं. ट्राम मंद चालते. पुढची गाडी बंद पडली कीं मागच्या सर्व अडकतात, कारण रूळ सोडून बाजूला होतां येत नाहीं. आणि उतारूंस रस्त्याच्या मधोमध उतरावें लागतें. हे तिन्ही आक्षेप खरे आहेत, आणि बस वाट बदलूं शकते हा तिचा गुण आम्ही नाकारीत नाहीं. परंतु ट्राम मंद कां झाली? १८७४ सालीं जे रूळ होते, त्यांवर पुढें मोटारी, बसेस, हातगाड्या व खटारे ह्या सर्वांची ये-जा होऊं लागली. रूळ ट्रामचे, पण वाट सर्वांची, अशी स्थिति होती. ज्या गाडीस बाजूला होतां येत नाहीं, तिच्या वाटेंत ज्यांस बाजूला होतां येतें ते उभे राहिले, आणि अडथळ्याचा दोष मात्र तिच्या माथीं आला. चोर सोडून संन्याशास सुळीं देण्याचाच हा प्रकार झाला.

हें आमचें केवळ अनुमान नव्हे. परदेशांतहि ह्याच आरोपावरून ट्राम उखडल्या गेल्या व पुढें तोच निकाल फिरविण्यांत आला. फ्रान्समधील नांत शहरानें १९५८ सालीं ट्राम बंद केली व १९८५ सालीं पुन्हां सुरू केली. इंग्लंडांतील मँचेस्टरनें १९४९ सालीं बंद केली व १९९२ सालीं पुन्हां रूळ वापरांत आणले. नव्या रुळांस शक्य तेथें स्वतंत्र वाट ठेवण्यांत आली, आणि अशा योजनांसच हलकी रेल्वे हें नांव रूढ झालें. जुन्या व नव्या ट्राममधील मुख्य भेद यंत्राचा नसून वाटेच्या हक्काचा आहे.

मुंबईंतहि रूळ परत आलेच. १८७४ सालीं बोरीबंदराहून जी ट्राम काळबादेवीवरून जात असे, त्याच काळबादेवीच्या पोटांतून जाणारी भुयारी मेट्रो ऑक्टोबर १९४७ शकांत, म्हणजे इ. स. २०२५ च्या ऑक्टोबरांत, कफ परेडपर्यंत खुली झाली. तिचा एकंदर खर्च सदतीस हजार कोटी रुपयांच्या घरांत गेला. मेट्रो एका वेळीं जितकीं माणसें नेते, तितकीं ट्राम कधींच नेऊं शकली नसती, हें मान्य. तरी जी वाट रस्त्यावर राखून ठेवली नाहीं, ती पाऊणशेंहून कमी वर्षांत जमिनीखालीं खणून घ्यावी लागली, ह्याची नोंद इतिहासानें घेतली पाहिजे.

आतां ट्रामचे अवशेष थोडे उरले आहेत. दादर टी. टी. ह्या नांवांतील दुसरा ‘टी’ टर्मिनसचा व पहिला ट्रामचा, हें तेथून रोज जाणाऱ्यांसहि ठाऊक नसतें. २०१९ सालीं पुरा झालेल्या फ्लोरा फाउंटनच्या जीर्णोद्धाराच्या वेळीं जवळच खणतांना जुने रूळ निघाले. कागद मात्र रद्दींत चालले आहेत. ट्रामचें तिकीट, मार्गाचा नकाशा, कंडक्टरची वही, पगाराची पावती अशीं चिटोरीं शिलालेख-ताम्रपटांच्या पंक्तीस बसवावयाचीं का, असें कित्येकांस वाटेल. पण वरील पत्राचा शक एका न मिळालेल्या चिठीनेंच ठरला, हें ध्यानांत घ्यावें.

संग्राहकांस आमची विनंति इतकीच कीं, आपल्या दप्तरांत मुंबईची शकरहित पत्रें असल्यास त्यांत ट्रामचा उल्लेख आहे काय, भाडें किती, तिकीट मिळालें काय, आणि गाडी घोड्यांची कीं विजेची, एवढें पाहून टिपून ठेवावें. त्यायोगें पत्रांचा काल ठरेल, आणि शहरानें रूळ घालावे कीं काढावे हा वाद पुढें पुन्हां निघेल तेव्हां ऐकीव निकालाऐवजीं अस्सल साक्ष पुढें ठेवतां येईल.