सोमवारी अजिंठा, मंगळवारी वेरूळ बंद! संभाजीनगरात मुक्काम करून एका दिवसाच्या सहली कशा आखाव्यात?

छत्रपती संभाजीनगर : दिवाळीची, उन्हाळ्याची सुटी लागली की जिल्ह्यात पाहुण्यांची वर्दळ वाढते. पुण्या-मुंबईचे नातेवाईक येतात, विदर्भातून लग्नाला आलेली मंडळी एक-दोन दिवस जास्त थांबतात. मग घरात एकच प्रश्न, "काय काय दाखवायचं?" जिल्ह्यात बघण्यासारखं पुष्कळ आहे. पण वार आणि वेळ न बघता गाडी ठरवली, तर शंभर किलोमीटर जाऊन बंद फाटकासमोर उभं राहण्याची पाळी येते. भाड्याचे पैसे जातात, म्हातारी माणसं दमतात आणि पाहुण्यांचा दिवस वाया जातो तो वेगळाच.

म्हणून आधी एवढं पाठ करून ठेवावं : अजिंठा लेणी सोमवारी बंद, वेरूळ लेणी मंगळवारी बंद. पाहुण्यांकडे सोमवार-मंगळवार असे दोनच दिवस असले तरी काम होतं. सोमवारी वेरूळ, मंगळवारी अजिंठा. हाच क्रम उलटा केला की दोन्ही दिवस हातचे गेले.

मुक्काम शहरात का?

रेल्वे स्टेशन, मध्यवर्ती बसस्थानक, विमानतळ आणि सगळ्या खिशांना परवडतील अशी लॉज-हॉटेलं शहरात आहेत. शिवाय बघण्याची ठिकाणं चार वेगवेगळ्या दिशांना आहेत. दौलताबाद, खुलताबाद, वेरूळ वायव्येला, त्याच रस्त्याने पुढे कन्नड. अजिंठा फुलंब्री-सिल्लोडमार्गे जळगाव रस्त्याला. पैठण दक्षिणेला. त्यामुळे रोज सामान बांधण्यापेक्षा शहरात एकच खोली घेऊन सकाळी निघायचं, रात्री परत यायचं, हे सोयीचं पडतं. एका दिवसात एकच दिशा धरायची. सकाळी वेरूळ आणि दुपारी अजिंठा असा बेत गाडीवाला सांगत असेल तर तो मान्य करू नये. दोन्हीकडे धावपळ होते आणि बघणं काहीच होत नाही.

पहिली दिशा : दौलताबाद, खुलताबाद, वेरूळ

दौलताबाद शहरापासून साधारण 15 किलोमीटर, वेरूळ 30. नकाशावर जवळ दिसतं म्हणून लोक अकराला निघतात, इथेच चूक होते. देवगिरीचा किल्ला उन्हाच्या आत चढायला हवा. खंदक, अंधारी, बारादरी आणि सगळ्यात वरची तोफ पाहून खाली यायला दोन-तीन तास सहज लागतात. अंधारीत वटवाघळं असतात, पायाखाली दिसत नाही. टॉर्च आणि पकड असलेली चप्पल-बूट पाहिजेत. गुडघ्याचा त्रास असलेल्यांनी खालचा भाग आणि चांदमिनार पाहून झाडाखाली बसावं, तेवढंही पुरेसं आहे.

यादवांची ही राजधानी. 1296 मध्ये अल्लाउद्दीन खिलजीने देवगिरीवर स्वारी केली. पुढे 1327 च्या सुमारास महंमद तुघलकाने दिल्लीची राजधानी इथे हलवली आणि देवगिरीचं दौलताबाद झालं. चांदमिनार मात्र त्यानंतरचा, पंधराव्या शतकातला, बहमनी काळातला आहे. मुलांना एवढं आधी सांगून ठेवलं तर चढताना ती कंटाळत नाहीत.

रस्ता किल्ल्याच्या तटातल्या दरवाजातून जातो. रविवारी तिथे गाड्यांची रांग लागते. सकाळी सातच्या आत पार झालं तर बरं. परतताना रस्त्याच्या कडेला पेरू, सीताफळं विकणारे शेतकरी दिसतात. दौलताबादच्या सीताफळाचं नाव आहे, हंगामात घ्यायला हरकत नाही.

खुलताबादला निद्रिस्त भद्रा मारुतीचं मंदिर आहे. शनिवारी इथे गर्दी असते, श्रावणातल्या शनिवारी आणि हनुमान जयंतीला तर शहरातून लोक रात्रभर पायी येतात. गर्दी नको असेल तर शनिवार टाळावा. निजामशाहीचा वजीर मलिक अंबर याचा मकबरा आणि औरंगजेबाची कबर याच गावात आहे. वेळ हाताशी असेल तर वर म्हैसमाळला जाता येतं. पावसाळ्यात तिथलं धुकं बघायला गर्दी होते, घाटवळणावर गाडी सावकाश हाकावी.

वेरूळला एकूण 34 लेणी. 1 ते 12 बौद्ध, 13 ते 29 हिंदू, 30 ते 34 जैन. सगळी एका दिवसात नीट होत नाहीत. वेळ कमी असेल तर 10, 12, 16 आणि 32 ही चार तरी पाहावीत. 16 क्रमांकाचं कैलास लेणं डोंगर वरून खाली खोदत आणलेलं आहे. आठव्या शतकातला राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण याच्या काळाशी ते जोडलं जातं. लेण्यांचं तोंड पश्चिमेकडे असल्याने दुपारनंतर उजेड चांगला मिळतो. म्हणजे सकाळी दौलताबाद आणि दुपारी वेरूळ हा क्रम उन्हाच्या आणि उजेडाच्या, दोन्ही हिशेबाने बसतो. जैन लेणी लांब आहेत, तिथपर्यंत वाहनाची सोय विचारून घ्यावी.

लेण्यांना लागूनच घृष्णेश्वर आहे. आजचं मंदिर अहिल्याबाई होळकरांनी जीर्णोद्धार केलेलं. गाभाऱ्यात जाताना पुरुषांना अंगावरचा सदरा-बनियन काढावा लागतो. श्रावणी सोमवार आणि महाशिवरात्रीला दर्शनाची रांग लांबच लांब असते, त्या दिवशी लेण्यांचा बेत ठेवू नये. वेरूळ हे भोसले घराण्याचं गाव. मालोजीराजांची गढी इथेच आहे, पण बरेच जण न बघताच परत फिरतात.

दुसरी दिशा : अजिंठा

अंतर 100 किलोमीटरच्या आसपास. सकाळी सहाला निघालं तर नऊला, लेणी उघडताना पोहोचता येतं. लेणी सोयगाव तालुक्यात आहेत. खासगी गाड्या फर्दापूर टी पॉइंटला थांबतात. तिथून पुढचे चार किलोमीटर एसटीच्या गाडीने जावं लागतं. परत येताना याच गाडीसाठी रांग लागते, तो वेळ हिशेबात धरावा.

वाघूर नदीच्या वळणावर घोड्याच्या नालासारख्या कड्यात 30 लेणी आहेत. 1819 मध्ये जॉन स्मिथ नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याच्या नजरेला ती पडली आणि जगाला माहीत झाली. 1983 मध्ये अजिंठा आणि वेरूळ, दोन्ही युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेली. चित्रांसाठी 1, 2, 16, 17 आणि शिल्पांसाठी 19, 26 चुकवू नयेत. 9 आणि 10 ही सर्वात जुन्या लेण्यांपैकी. आत शिरल्यावर लगेच काही दिसत नाही. दोन मिनिटं शांत उभं राहावं, डोळे सरावले की पद्मपाणी हळूहळू दिसू लागतो.

फ्लॅश मारायचा नाही, भिंतीला हात लावायचा नाही. ही चित्रं दीड हजार वर्षं टिकली आहेत, पण माणसांच्या श्वासाची वाफ आणि घामसुद्धा त्यांना बाधतो. म्हणूनच चित्रांच्या लेण्यांत एका वेळी मोजकीच माणसं सोडतात. कर्मचारी थांबवतात म्हणून वाद घालण्यात अर्थ नाही. चढण न झेपणाऱ्यांसाठी डोलीवाले असतात, दर आधी ठरवून घ्यावा. माकडांपासून पिशव्या सांभाळाव्यात.

पाहुण्यांना पुढे खान्देशात जायचं असेल तर परत शहरात येऊ नये. अजिंठ्याहून जळगाव साधारण 60 किलोमीटरच आहे. त्या दिवशी सामान सोबत घेऊन निघावं.

तिसरी दिशा : पैठण

वृद्ध माणसं आणि लहान मुलं असतील तर हा दिवस सगळ्यात सुखाचा. अंतर 50 किलोमीटरच्या आसपास, रस्ता सपाट, चढउतार नाही. सातवाहनांचं प्रतिष्ठान ते हेच. संत एकनाथांची समाधी आणि गावातला नाथांचा वाडा पाहावा. हातमागावर पैठणी कशी विणतात हे प्रत्यक्ष पाहिलं की किंमत एवढी का, हे कुणाला सांगावं लागत नाही. जायकवाडी धरण 1976 मध्ये पूर्ण झालं, त्याला 27 दरवाजे आहेत. हिवाळ्यात नाथसागरावर स्थलांतरित पक्षी येतात. धरणातून पाणी सोडलेलं असताना गोदापात्रात उतरू नये, आंघोळीसाठी तर मुळीच नाही. फाल्गुनात नाथषष्ठीला लाखोंच्या गर्दीत वारी भरते. वारी बघायची असेल तरच त्या दिवसांत जावं.

चौथी दिशा : कन्नड, पितळखोरा

ही गर्दीपासून लांबची सहल. पितळखोऱ्याची बौद्ध लेणी फार जुनी, इसवी सनापूर्वीची. दरीत पायऱ्यांनी उतरावं लागतं. आसपास हॉटेल नाही, त्यामुळे डबा आणि पाणी कन्नडलाच भरून घ्यावं. बाजूला गौताळा अभयारण्याचं जंगल आहे. पावसाळ्यात हिरवळ छान असते, पण निसरड्या खडकावर आणि ओढ्याच्या पाण्यात धाडस नको. कन्नड घाट उतरायचा असेल तर आधी चौकशी करावी. 2021 च्या ऑगस्टअखेर याच घाटात दरड कोसळून वाहतूक बंद पडली होती.

एसटीने जाणाऱ्यांसाठी

जळगावकडे जाणारी गाडी फर्दापूर टी पॉइंटला उतरवते. कन्नडकडे जाणाऱ्या गाडीत बसण्याआधी "वेरूळमार्गे आहे का?" एवढं वाहकाला विचारावं. उतरल्या उतरल्या परतीच्या शेवटच्या गाडीची वेळ विचारून घ्यायची, संध्याकाळी नाही.

आदल्या रात्री एवढं बघा

उद्या वार कोणता? यात्रा, श्रावणी सोमवार आहे का? पाणी, टोपी, टॉर्च, औषधं घेतली का? गाडीभाड्यात पार्किंग आणि टोल धरला आहे का? तिकिटासाठी मोबाइलमध्ये पैसे आणि थोडी रोकड आहे का? पंधरा वर्षांखालील मुलांना लेण्यांचं तिकीट लागत नाही, पण वयाचा पुरावा जवळ असलेला बरा.

आणि जेवण शहरातून बांधून नेण्यापेक्षा फर्दापूर, वेरूळ, पैठणच्या साध्या खानावळीत करावं. लाखो पर्यटक ज्या गावांवरून जातात, तिथे त्यांचे दोन पैसे उतरले तरच त्या गावांना या वारशाचा उपयोग.