खिसेकापू, पाकीटमार आणि उचल्या

रेडमंडच्या शाळा जूनमध्ये सुटतात आणि आपल्याकडे बॅगा भरायला सुरुवात होते. भारतात जायचंच आहे, तर वाटेत चार दिवस पॅरिस किंवा रोम करून घेऊ, असा विचार आता पुष्कळ घरांत होतो. मग व्हॉट्सअ‍ॅपच्या ग्रुपवर सूचनांची रांग लागते. पाकीट पुढच्या खिशात ठेवा, पाठीवरची सॅक पोटावर घ्या, मेट्रोच्या दाराशी फोन काढू नका. या सूचना चांगल्याच आहेत. पण त्यांच्या शेपटाला बहुतेक वेळा आणखी एक ओळ असते. ‘अमुक दिसणाऱ्या लोकांपासून लांब राहा.’ आज बोलायचंय ते या ओळीबद्दल, कारण हीच ओळ एकेकाळी मराठी माणसांबद्दल छापली गेली होती.

आधी शब्दांकडे पाहू. खिसा हा शब्द फारसीतल्या ‘कीसा’वरून आला, आणि कीसा म्हणजे पैशाची पिशवी. अंगरख्याला शिवलेले खिसे आले त्याच्या आधी आपल्याकडे पैसा कमरेच्या कशात, धोतराच्या कनवटीला, नाहीतर लुगड्याच्या पदराला गाठ मारून असायचा. ‘गाठीला पैसा’ आणि ‘पदरचे पैसे’ आपण अजून म्हणतो, ते तिथूनच. ती गाठ कापणाराही तेवढाच जुना. इंग्लंडमध्येही तसंच झालं. पट्ट्याला लटकणारी थैली कापणारा आधी आला आणि कपड्याला खिसे लागल्यावर खिशात हात घालणारा आला. मराठीने दोन्ही शब्द ठेवले, खिसेकापू आणि पाकीटमार. एकाच्या हातात पातं असतं, दुसऱ्याला नुसती बोटं पुरतात.

आता लंडनला जाऊ, कारण पाकीटमारीवर कायद्याने काय करावं याचा सगळ्यात कडक प्रयोग तिथे झाला. १५६५ साली पहिल्या एलिझाबेथ राणीच्या काळात कायदा आला आणि एका शिलिंगपेक्षा जास्त किमतीची वस्तू अंगावरून गुपचूप चोरली तर फाशी ठरली. हा कायदा जवळजवळ अडीचशे वर्षं टिकला. चोऱ्या थांबल्या का? नाही. फाशी बघायला जमलेल्या गर्दीतच खिसे कापले जायचे. कारण साधं होतं. ज्याचा हातरुमाल किंवा घड्याळ गेलंय तो विचार करायचा की एवढ्यासाठी एका पोराला दोरावर चढवायचं का, आणि तक्रारच करायचा नाही. तक्रार झाली तर ज्यूरीतले लोक डोळ्यांवर कातडं ओढून घड्याळाची किंमत दहा पेन्स लावायचे, म्हणजे ती शिलिंगच्या खाली राहायची. सॅम्युअल रोमिली नावाच्या खासदाराने नेमकं हेच पार्लमेंटपुढे मांडलं आणि १८०८ साली या गुन्ह्याची फाशी रद्द झाली.

त्याच काळातला जॉर्ज बॅरिंग्टन हा लंडनचा नामांकित खिसेकापू. नाटकाला जाऊन उमरावांच्या शेजारी बसायचा. शेवटी त्याला ऑस्ट्रेलियाला काळ्या पाण्यावर पाठवलं, १७९१ साली तो तिथे पोहोचला आणि पुढे पॅरामाटा इथे मुख्य कॉन्स्टेबल झाला! (ही गोष्ट मुलांना सांगा, खूश होतील.)

तर पाकीटमारीची अडचण अशी की चोर दिसत नाही. पाकीट गेल्याचं कळतं तेव्हा ते तिसऱ्या हातात पोहोचलेलं असतं. एक जण धक्का देतो, दुसरा काढतो, तिसरा घेऊन पुढच्या स्टेशनला उतरतो. जाग्यावर पकडला नाही तर पुरावा नाही. मग सरकार काय करतं? जो दिसतो त्याला धरतं. आपली गोष्ट इथून सुरू होते.

१८५३ साली मुंबई-ठाणे रेल्वे सुरू झाली आणि पुढच्या काही वर्षांत सगळ्या देशात रूळ पसरले. रात्रभर एका डब्यात झोपलेले अनोळखी लोक आणि बाकाखाली त्यांच्या पेट्या-बोचकी, हे दृश्य आधी कधी नव्हतं. रसेल आणि हिरालाल यांनी १९१६ साली मध्य प्रांतातल्या जाती-जमातींवर मोठा ग्रंथ काढला. त्यात भामटा या जमातीच्या नोंदीत रेल्वेतल्या चोरीची रीत सविस्तर दिली आहे. माणूस दोन बाकांच्या मध्ये खाली आडवा होतो, अंगावर कापड ओढतो, सगळे झोपले की हात घालतो. बोचकं सुटत नसेल तर छोटी बाकदार सुरी वापरतो, आणि ती सुरी लपवतो तोंडात, ओठ आणि हिरडी यांच्यामध्ये. त्याच्या आधी, १९०८ मध्ये, मुंबई इलाख्यातले वरिष्ठ पोलीस अधिकारी केनेडी यांनी इलाख्यातल्या ‘गुन्हेगार वर्गां’वर अख्खं पुस्तक छापलं होतं. कोणत्या जातीचा माणूस कसा दिसतो, काय नेसतो, कशी चोरी करतो, असा तपशील देणारं. आजच्या व्हॉट्सअ‍ॅप मेसेजचे आजोबाच म्हणा.

या पुस्तकांतले सगळेच तपशील खोटे होते असं मी म्हणत नाही. चोरी करणारी माणसं होती. पण पुस्तकं एका माणसाबद्दल नव्हती, जातीबद्दल होती. १८७१ साली इंग्रज सरकारने गुन्हेगार जमाती कायदा आणला. त्यामागचा युक्तिवाद असा की हिंदुस्थानात सुताराचा मुलगा सुतार होतो, तसा चोराचा मुलगा चोरच होणार. सुरुवातीला हा कायदा उत्तरेकडे होता, १९११ च्या कायद्याने तो मुंबई इलाख्यालाही लागू झाला. मग जमातीत जन्मलेल्यांची नोंद, बोटांचे ठसे, पोलिसांकडे हजेरी आणि गाव सोडायचं तर पास. सोलापूरसारख्या ठिकाणी तारेच्या कुंपणातली सेटलमेंट उभी राहिली आणि आतली माणसं गिरणीत कामाला गेली. ज्यांना ‘टकारी’ म्हणत त्यांचा एक परंपरागत धंदा जात्याला टाकी लावण्याचा. दगडी जातं गुळगुळीत झालं की छिन्नीने टाके घालून ते पुन्हा दळण्याजोगं करायचं. आपल्या पणजीच्या घरचं पीठ त्यांच्या हाताच्या कामावर निघत असे. सरकारी यादीत मात्र टकारी, पाथरुट, उचले, घंटीचोर ही नावं भामट्यांच्या नोंदीत एकाखाली एक आली. आणि मराठीत ‘भामटा’ ही शिवी झाली, जी आपण आजही मुलाला लाडाने देतो.

या वेळी युरोपात काय चाललं होतं? जुलै १९१२ मध्ये फ्रान्सने कायदा केला की भटक्या लोकांनी, तेरा वर्षांच्या पोरापासून पुढे प्रत्येकाने, ओळखीची वही जवळ बाळगायची. वहीत शरीराची मापं आणि बोटांचे ठसे, आणि गाव बदलला की शिक्का. हा मुख्यतः रोमा लोकांना गाठण्याचा डाव होता. रोमांचे पूर्वज हजारेक वर्षांपूर्वी भारतातून निघाले. त्यांच्या भाषेत पाण्याला ‘पानी’ आणि माणसाला ‘मानुष’ म्हणतात. म्हणजे एका वर्षाच्या अंतराने सोलापुरात आणि पॅरिसमध्ये एकच उपाय काढला गेला. फ्रान्समधली वही १९६९ मध्ये बदलली, पण प्रवासाचे असे कागद पूर्णपणे बंद व्हायला २०१७ साल उजाडलं. पॅरिसला जाणाऱ्यांना जो मेसेज येतो त्यातली ‘अमुक दिसणारी’ माणसं बहुतेक वेळा हीच असतात.

आपल्याकडे १९५२ साली, ३१ ऑगस्टला, गुन्हेगार जमाती कायदा गेला. देश स्वतंत्र झाल्यावर पाच वर्षं आणि सोळा दिवसांनी. महाराष्ट्रात हा दिवस विमुक्त दिन म्हणून पाळतात. पण १९५९ मध्ये मुंबई राज्याने सराईत गुन्हेगारांसाठी वेगळा कायदा केला, आणि पोलीस ठाण्यातली सवय तर कागद फाडून जात नाही. ती सवय काय असते हे वाचायचं असेल तर लक्ष्मण गायकवाड यांचं ‘उचल्या’ वाचा. लातूरजवळच्या धनेगावचे गायकवाड. १९८७ साली पुस्तक आलं, १९८८ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. पोलिसांचा मार सहन व्हावा म्हणून मुलांना घरीच मारून तयार करायचं, चोरी झाली की ठाण्यात वाटा पोहोचवायचा आणि चोरी झाली नाही तरी उचलून न्यायचं, हे सगळं त्यात आहे. चोरीचं समर्थन त्यात नाही. आपल्याच नातेवाइकांनी कुणाचं काय कापलं हे ते लपवत नाहीत. पाकीट मारणाऱ्याच्या घरात काय शिजतं हे मराठीत त्या घरातल्या माणसाने सांगितलं. आपल्या ग्रंथालयांत ते असायला हवं.

आता आजकडे येऊ, कारण तुमचं विमान जवळ आलंय.

१० एप्रिल २०१३ ला पॅरिसचं लूव्र संग्रहालय एक दिवस बंद राहिलं. कारण संप होता, आणि संप खिसेकापूंच्या विरोधात होता. पाहुण्यांना आणि आपल्यालाही त्रास होतो म्हणून तिथले कर्मचारी कामावर आलेच नाहीत. पोलीस वाढवल्यावर दुसऱ्या दिवशी दारं उघडली. स्पेनमध्ये ४०० युरोंपर्यंतची चोरी किरकोळ गुन्हा धरली जाते आणि शिक्षा बहुधा दंडाची. इटलीत २०२२ च्या सुधारणेनंतर पाकीटमारीचे बरेच खटले ज्याचं गेलं त्याने तक्रार केली तरच चालतात, आणि पर्यटकाचं विमान उद्या सकाळी असतं. लंडनचा माणूस फाशीमुळे तक्रार करत नव्हता, आपण फ्लाइटमुळे करत नाही. चोराला दोन्ही सारखंच. भारतात १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत टोळीने केलेली पाकीटमारी ‘किरकोळ संघटित गुन्ह्यात’ घातली आहे, शिक्षा एक ते सात वर्षं. तिथेही सुरुवात तक्रारीपासूनच.

आपल्याला तक्रार करायचं आणखी एक कारण आहे, आणि ते पैशाचं नाही. आपल्या घरात एकाच जेवणाच्या टेबलाशी तीन प्रकारचे कागद असतात. रेडमंडमध्ये जन्मलेल्या मुलीचा अमेरिकन पासपोर्ट, आईचं ग्रीन कार्ड, बाबांच्या भारतीय पासपोर्टात एच-वन-बीचा शिक्का. हे सगळं बाबांच्या एकाच पाउचमध्ये असतं आणि तो पाउच रोमच्या ६४ नंबरच्या बसमध्ये जातो. मुलीला अमेरिकन वकिलातीतून तात्पुरता पासपोर्ट लवकर मिळू शकतो. आईला अमेरिकन वकिलातीतच आय-१३१-ए हा अर्ज भरून विमानात चढण्याची परवानगी घ्यावी लागते, शिवाय तिचा पासपोर्ट गेला असेल तर तो वेगळा. बाबांचं सगळ्यात अवघड. भारतीय वकिलात तातडीचं प्रमाणपत्र देते, पण ते फक्त भारतात परतण्यापुरतं. रेडमंडला यायचं तर नवा पासपोर्ट आणि त्यावर नव्याने व्हिसा. आणि हरवल्याचं एकदा कळवलं की तो जुना व्हिसा सापडला तरी चालत नाही. या प्रत्येक खिडकीवर पहिला प्रश्न तोच येतो, पोलीस रिपोर्ट आहे का?

म्हणून कागद एका पाउचमध्ये ठेवू नका. ज्याचा त्याने, नाहीतर निदान दोघांत वाटून. दिवसभर फिरताना लागत नसतील तर हॉटेलच्या तिजोरीत. प्रत्येक कागदाचा फोटो अशा ठिकाणी ठेवा जिथे फोन गेला तरी पोहोचता येईल, म्हणजे घरी राहिलेल्या आजीच्या ईमेलवरही चालेल. आय-७९७ ची प्रतसुद्धा. पाकीट गेलं तर आधी कार्ड गोठवा, मग फोनच्या कंपनीला कळवा. फोन गेला तर उलट क्रमाने, कारण बँकेचे कोड त्याच नंबरवर येतात. चोरामागे धावू नका, पाकीट त्याच्याकडे नसतंच. युरोपात ११२ चालतो, भारतातही ११२. आणि रेडमंडला परत आल्यावर भारतीय पासपोर्टच्या कामासाठी सॅन फ्रान्सिस्को आठवू नका, २०२३ पासून सिएटलला आपलं वाणिज्य दूतावास आहे.

मुंबईच्या लोकलमध्ये कुणी सापडला तर एक वेगळा प्रसंग येतो. डबा त्याच्यावर ‘हात साफ करून घेतो’. मराठीत चोरी आणि मारहाण दोन्हीला हाच वाक्प्रचार का, कोण जाणे. सुट्टीवर गेलेली आपली मुलं ते पाहतात. त्या वेळी पुढच्या स्टेशनवर रेल्वे पोलिसांना बोलवा असं मोठ्याने म्हणणारा एक जण डब्यात लागतो. तो तुम्ही असलात तर मुलं तेही पाहतील.

आणि तक्रार लिहिताना. पोलीस विचारतील काय गेलं, कुठे, किती वाजता, कोणत्या बसमध्ये. ते नीट सांगा, फोनचा आयएमईआय नंबर द्या, रिपोर्टची शिक्का मारलेली प्रत मागून घ्या. मग ते विचारतील की कोण होता. बसमध्ये समोर कोण उभं होतं ते आठवायला लागतं, आणि व्हॉट्सअ‍ॅपवरची ती ओळही त्याच वेळी आठवते. ज्याचा हात तुम्ही स्वतः खिशात पाहिला त्याचं वर्णन द्या. कुणाचाच पाहिला नसेल तर त्या रकान्यात लिहा, ‘पाहिलं नाही’.