याखिमोव्हचा चोथा

झेक-जर्मन सरहद्दीवरच्या क्रुश्ने होरी डोंगरांत, कार्लोव्ही व्हारीपासून बसने तासाभराच्या आत, याखिमोव्ह नावाचं गाव लागतं. अरुंद खोऱ्यात चढत जाणारा एक लांबलचक रस्ता आणि त्याच्या दोन्ही अंगांना घरं, एवढाच त्याचा विस्तार. लोकवस्ती तीन हजारांच्या आत. १५१६ मध्ये इथं चांदी सापडली आणि वीसेक वर्षांत गावात अठरा हजारांच्या आसपास माणसं झाली. बोहेमियात प्राग सोडलं तर एवढं मोठं गाव नव्हतं. इथल्या चांदीची नाणी युरोपभर चालली, डॉलरचं कूळही त्याच नाण्यांत निघतं. टाकसाळीच्या संग्रहालयात ते सगळं सांगतात. मला ओढ होती ती चांदीच्या पाठोपाठ खाणीतून निघणाऱ्या काळ्या, डांबरासारख्या चमकीच्या आणि हातात घेतला की चकित व्हावं इतक्या जड दगडाची. जर्मनीत नोकरी करणारा मुलगा म्हणाला, आई, सगळे प्रागला जातात. म्हटलं, जाऊ देत.

हा दगड म्हणजे पिचब्लेंड. तो दिसू लागला की चांदीची शीर संपत आली, असा खाणकामगारांचा अनुभव. त्यामुळे तो नकोसाच. उचलायचा आणि बाहेरच्या ढिगाऱ्यावर फेकायचा. अडीच-पावणेतीनशे वर्षं हेच चाललं. १७८९ मध्ये बर्लिनच्या क्लाप्रोटने शेजारच्या सॅक्सनीतून आलेलं पिचब्लेंड तपासून त्यात नवं मूलद्रव्य असल्याचं जाहीर केलं आणि आठ वर्षांपूर्वी सापडलेल्या युरेनस ग्रहावरून त्याला नाव दिलं. त्याच्या हातात जी काळी पूड होती ती धातू नव्हती, ऑक्साइड होतं. खरा धातू पॅरिसमध्ये पेलिगोने वेगळा केला तो १८४१ साली. शिशाच्या दीडपटीहून जास्त घनतेच्या या धातूचं करायचं काय, हे मात्र कुणालाच ठाऊक नव्हतं.

उपयोग सापडला तो त्याच्या क्षारांच्या रंगाचा. मी नोकरीची सगळी वर्षं कॉलेजच्या रसायन प्रयोगशाळेत काढली. आमच्या कुलुपाच्या कपाटात झिंक युरॅनिल ॲसिटेटची बाटली असे. द्रावणात सोडियम आहे का हे पाहायला त्याचे थोडे थेंब टाकायचे. असेल तर पिवळा बारीक साका खाली बसतो. त्या पिवळ्यात हिरव्याची एक झाक असते, ती दुसऱ्या कुठल्या पिवळ्यात मी पाहिली नाही. बोहेमियातल्या काचवाल्यांनी ती बरोबर हेरली. १८३० च्या दशकात योझेफ रीडल याने युरेनियम घालून पिवळी आणि हिरवी काच बाजारात आणली आणि तिला ‘ॲना’ हे नाव दिलं, बायकोच्या नावावरून असं सांगतात. अत्तराच्या कुप्या, फुलदाण्या, दारूचे पेले, सगळं त्या काचेचं झालं.

ही काच अतिनील दिव्याखाली धरली की हिरवीगार उजळते. लोक याला किरणोत्सर्ग समजतात. विद्यार्थीच कशाला, भाषणं ठोकणारे पाहुणेही आमच्या प्रयोगशाळेत येऊन तेच सांगून गेले आहेत. तो उजेड नुसत्या प्रतिदीप्तीचा. दिवा बंद केला की काच गप्प. किरणोत्सर्ग दिवा असो-नसो चालूच असतो आणि डोळ्यांना दिसत नाही. तरीही दोन्ही गोष्टींचा धागा इतिहासात जुळलेला आहेच. युरेनियमचे क्षार असे चमकतात म्हणूनच पॅरिसचं बेकरेल घराणं पिढ्यान्‌पिढ्या ते अभ्यासत होतं. १८९६ च्या फेब्रुवारीत आभाळ भरून आलं, ऊन नव्हतं, म्हणून आंरी बेकरेलने काळ्या कागदातल्या फोटोच्या काचा त्या क्षारासकट खणात ठेवून दिल्या. १ मार्चला त्या धुतल्या तर उन्हाशिवायच ठसा उमटलेला.

काचवाल्यांची मागणी वाढली तसं ऑस्ट्रियाच्या सरकारने याखिमोव्हमध्ये, म्हणजे तेव्हाच्या योआखिम्सटालमध्ये, रंगाचा कारखाना काढला. आडोल्फ पातेरा या रसायनज्ञाने १८५० च्या दशकात पद्धत बसवली. दगड सोड्याबरोबर भाजायचा, गरम पाण्याने धुवायचा, सौम्य गंधकाम्लात टाकायचा. युरेनियम विरघळून द्रावणात येतं, त्याचा पिवळा रंग करून विकायचा. खाली राहणारा तपकिरी चोथा जवळच्या पाइनच्या रानात नेऊन ओतायचा. ढिगाऱ्यावरचा दगड कामाचा झाला, आणि त्याच दगडाचा दुसरा भाग ढिगाऱ्यावर गेला.

मारी क्युरींची गोष्ट पॅरिसच्या गळक्या शेडपासून सुरू करायची पद्धत आहे. मी ती या रानापासून सुरू करते. १८९८ मध्ये मारीबाईंना दिसलं की पिचब्लेंड त्यातल्या युरेनियमच्या मानाने फार जास्त, शुद्ध युरेनियमच्याही सुमारे चौपट किरण देतं. उपकरणाची चूक नाही हे पाहायला त्यांनी चाल्कोलाइट हे युरेनियमचं खनिज प्रयोगशाळेत स्वतः बनवलं. रासायनिक घटक तेच, पण त्याचे किरण युरेनियमच्या हिशेबाइतकेच. खाणीतल्या चाल्कोलाइटमध्ये मात्र जास्त. म्हणजे खाणीतल्या दगडात आणखी काहीतरी होतं. माझ्या मते रेडियमच्या शोधातली सगळ्यात देखणी पायरी हीच. पाठ्यपुस्तकं तिच्यावरून उडी मारून थेट नोबेलवर जातात.

आता रसायनवाल्यांच्या लगेच ध्यानात येईल ती गोष्ट. रेडियम हे बेरियमचं सख्खं भावंड. त्याचं सल्फेट विरघळत नाही. पातेराच्या गंधकाम्लात युरेनियम निघून गेलं आणि रेडियम सगळंच्या सगळं चोथ्यात बसलं. क्युरी दांपत्याला दगड परवडत नव्हता, चोथा परवडणार होता. व्हिएन्नाच्या विज्ञान अकादमीचे एदुआर्ट झ्यूस यांनी शब्द टाकला आणि पॅरिसला पोती पोचली. त्या तपकिरी मातीत पाइनच्या सुया मिसळलेल्या होत्या. काही टन चोथा उकळून, गाळून, पुन्हा पुन्हा स्फटिक करून १९०२ मध्ये हाती लागलं एक दशांश ग्रॅम रेडियम क्लोराइड.

इतकं कमी का? रेडियमचं अर्धआयुष्य १६०० वर्षं. डोंगराच्या वयापुढे ते काहीच नाही. दगडात मुळात असतं तर केव्हाच संपलं असतं. ते सतत नव्याने तयार होतं, युरेनियम-२३८ च्या विघटनातून, आणि त्याचं अर्धआयुष्य ४४७ कोटी वर्षं. एवढ्या संथ धारेतून टनभर युरेनियमच्या जोडीला रेडियम साचतं ते जेमतेम ग्रॅमचा तिसरा हिस्सा.

रेडियमचा भाव कळताच ऑस्ट्रियाने चोथ्याची निर्यात आखडली आणि रेडियम गावातच काढायला सुरुवात केली. आता कारखान्याचं पोट रेडियमवर, युरेनियम नुसतं जोडउत्पादन. १९०६ पासून खाणीतल्या रेडॉनयुक्त पाण्याच्या स्नानगृहांची सोय झाली, १९१२ मध्ये ‘रेडियम पॅलेस’ हे राजवाड्यासारखं हॉटेल उभं राहिलं. १९२५ मध्ये मारीबाई स्वतः येऊन गेल्या.

स्नानाला येणारे वरच्या मजल्यांवर राहत होते आणि खाणीतले खाली मरत होते. सोळाव्या शतकात या गावी वैद्यकी केलेल्या अग्रिकोलाने खाणीतल्या फुप्फुसाच्या रोगाबद्दल लिहून ठेवलं आहे. कार्पेथियन डोंगरांत अशा रोगाने सात-सात नवरे गेलेल्या बायका भेटतात, असंही. डोंगरापलीकडच्या श्नेबर्गमध्ये १८७९ साली हेर्टिंग आणि हेसे या डॉक्टरांनी हा रोग म्हणजे छातीतल्या गाठी असल्याचं दाखवलं. खरा अपराधी रेडॉन. रेडियमपासून निघणारा हा वायू हवेत मिसळतो आणि त्याची किरणोत्सर्गी पिलावळ धुळीबरोबर फुप्फुसात जाऊन चिकटते. हे नीट उलगडायला १९५० चं दशक उजाडलं.

तोवर युरेनियम पुन्हा मुख्य माल झालं होतं. १९३८ च्या ऑक्टोबरात गाव जर्मनीने गिळलं आणि डिसेंबरात बर्लिनमध्ये हान आणि श्ट्रासमान यांना युरेनियमचा अणू दुभंगल्याच्या खुणा मिळाल्या. पुढच्या ऑगस्टमध्ये आइनस्टाइनच्या सहीने रूझवेल्टला जे पत्र गेलं, त्यात जर्मनीने झेक खाणींतल्या युरेनियमची विक्री थांबवल्याचा उल्लेख आहे. फुटण्याजोगं युरेनियम-२३५ शंभरात पाऊण भागही नसतं, त्यामुळे खनिज भरपूर लागतं. १९४५ च्या नोव्हेंबरात सोव्हिएत संघाने प्रागशी करार करून खाणी आपल्या कामाला लावल्या. आधी जर्मन युद्धकैदी, नंतर झेक राजकीय कैदी. १९४९ ते १९६१ या काळात हजारो माणसं इथल्या छावण्यांतून गेली. कैद्यांचा जथा दाटीने उभा करून भोवती पोलादी दोर आवळायचे आणि तसंच खाणीपर्यंत चालवायचे. शेजारच्या ओस्त्रोव्हमध्ये विटांचा एक मनोरा आहे. तिथं खनिज दळून पिंपांत भरत, तोंडाला फडकंही न बांधता. त्याला मृत्यूचा मनोराच म्हणतात. १९४९ ला आइस हॉकीचं जगज्जेतेपद मिळवणाऱ्या देशाच्या संघातले खेळाडू १९५० मध्ये पकडले गेले, त्यांतले काही याच खाणींत आले. गोलरक्षक बोहुमिल मोद्री सुटला, पण १९६३ मध्ये सेहेचाळिसाव्या वर्षी गेला.

१९६० च्या दशकात युरेनियम संपल्यात जमा झालं. गावातली सर्वांत जुनी, स्वोर्नोस्त खाण मात्र आजही चालू आहे. कामगार रोज खाली उतरतात आणि वर आणतात ते रेडॉनचं पाणी. नळाने ते थेट स्नानगृहांत जातं. डॉक्टरच्या चिठ्ठीवर सांधेदुखीचे रोगी त्यात मोजून वीस मिनिटं बसतात. माझ्या थोरल्या जाऊबाईंनी फोनवर विचारलं, ‘अगं, गुडघ्यांना उपयोग होतो का?’ काही महिने दुखणं कमी राहतं असं तिथले डॉक्टर सांगतात, हे मी त्यांना सांगितलं. रेडॉन म्हणजे काय, तेही सांगितलं. त्या म्हणाल्या, मग आपलं निर्गुडीचं तेलच बरं.