डेबियनची मधली शाखा

नवे सॉफ्टवेअर लोकांच्या हाती किती उशिरा द्यावे, हा प्रश्न 'डेबियन' या लिनक्स-प्रणालीच्या स्वयंसेवकांना फार दिवस छळीत आला आहे. १९९३ साली इयन मर्डॉक यांनी या प्रणालीचा आरंभ केला. पुढे तिच्या दोन मुख्य शाखा झाल्या: 'स्टेबल' म्हणजे स्थिर आणि 'अनस्टेबल' म्हणजे अस्थिर. नवी आवृत्ती काढावयाची म्हणजे काम गोठवावयाचे आणि महिनोन्महिने दोष वेचीत बसावयाचे. ही कोंडी फोडण्यासाठी २००० च्या अखेरीस 'टेस्टिंग' ही मधली शाखा निघाली. अस्थिर शाखेत काही दिवस राहूनही ज्यात नवा गंभीर दोष आढळला नाही, तेच सॉफ्टवेअर तीत उतरू लागले. त्यामुळे काम झपाट्याने होऊ लागले म्हणावे, तर २००२ नंतरची स्थिर आवृत्ती यावयास २००५ साल उजाडले!

या व्यवस्थेची खरी कसोटी मार्च २०२४ मध्ये लागली. 'एक्सझेड' या, माहिती आवळून लहान करणाऱ्या साधनात कोणी कपटाने चोरवाट ठेवली होती. ती अस्थिर शाखेत शिरली आणि मधल्या शाखेची चाळणीही ओलांडून गेली. दिवस मोजणाऱ्या नियमाला कपट कसे ओळखता यावे? आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्यास संगणकात दुरून प्रवेश करताना सुमारे अर्ध्या सेकंदाचा विलंब खटकला. त्यांनी त्याचा माग काढला आणि बिंग फुटले. स्थिर शाखा वाचली, ती केवळ मागे राहिल्यामुळे. तो अर्धा सेकंद नजरेतून निसटता, तर पुढच्या स्थिर आवृत्तीतही ती चोरवाट पोहोचण्याचा संभव होता.